ब्राऊनिंगने पाहिलेले गवत

माझे मामा फौजेत हवालदार होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आईबरोबर बेळगावला त्यांच्याकडे गेलो होतो. तिथे एके दिवशी जवानांच्या घरच्या मंडळींसाठी मैदानात टेबले मांडून त्यांवर शस्त्रे ठेवली होती. बायका लांबूनच बघत होत्या, आम्ही पोरे मात्र टेबलाला चिकटलो होतो. मामांनी एक रायफल उचलली. नळीच्या वर, पुढच्या अंगाला असलेली एक खिटी दाबून फिरवली आणि स्प्रिंगसकट एक लांब पोलादी दांडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. दांडीचे टोक काळे होते. ते बोट मी नव्या सदऱ्याला पुसले आणि आईचा धपाटा खाल्ला. मामा हसत होते. रायफलीची सगळी काजळी या दांडीच्या वाट्याला येते, ही एवढी स्वच्छ ठेवली की बाकीचे घर स्वच्छ राहते, असे काहीसे त्यांनी सांगितले. ती रायफल म्हणजे आपल्या सैन्याची ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल. जवान तिला नुसते एसएलआर म्हणतात.

ती काजळी दांडीच्या टोकाशी कशी पोचते, हे तेव्हा विचारायचे सुचले नाही. पुढे वाचनाच्या नादात तिचा माग काढत निघालो तो थेट अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन या गावी, जॉन मोझेस ब्राऊनिंग नावाच्या माणसापाशी जाऊन पोचलो. बंदुका करणाऱ्या माणसाबद्दल रविवारच्या सकाळी लिहावे का, असा प्रश्न मलाही पडला. पण ब्राऊनिंगची गोष्ट सुरू होते ती वाऱ्याने हललेल्या गवतापासून, आणि ती एकदा कळली की मनातून जात नाही.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. वडील जोनाथन ब्राऊनिंग हे बंदुकांचे कारागीर आणि मॉर्मन पंथाचे श्रद्धाळू अनुयायी. आपल्या पंथाच्या लोकांबरोबर पश्चिमेकडे सरकत सरकत ते १८५२ मध्ये ऑग्डेनला आले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुले! दुकानात बंदुकांबरोबर गावातली मोडकीतोडकी अवजारेही दुरुस्तीला यायची. आपल्याकडच्या खेड्यातला लोहाराचा भाता आठवावा, तसेच ते दुकान. जॉन त्या भंगाराच्या ढिगातच वाढला. दहा वर्षांचा असताना त्याने टाकाऊ नळीची एक ओबडधोबड बंदूक केली. तिला चाप नव्हता. जॉनने नेम धरायचा आणि धाकटा भाऊ मॅट याने दारूला विस्तव लावायचा, असा दोघांचा खेळ. त्यातून रानातले पक्षी पडले, घरात न्याहारी झाली. पण वडिलांना ती बंदूक काही पसंत पडली नाही. दहा वर्षांच्या पोराने याहून बरे करायला हवे होते, असे त्यांचे मत पडले!

१८७९ हे साल त्याच्या आयुष्यात भराभर घडामोडींचे गेले. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले, वडील वारले आणि ऑक्टोबरात पहिले पेटंट मिळाले, एकेक गोळी भरून उडवायच्या साध्या रायफलीचे. भावांनी मिळून छोटासा कारखाना काढला. त्यातली एक रायफल फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या माणसाच्या हाती लागली. कंपनीचे टी. जी. बेनेट १८८३ मध्ये आगगाडीने हजारो मैल ओलांडून ऑग्डेनला आले. एवढे पल्लेदार डोके कोणाचे, हे पाहायला आलेल्या बेनेटना समोर दिसला अठ्ठावीस वर्षांचा एक उंचापुरा, गावाकडचा तरुण. रायफलीचे हक्क ८,००० डॉलरना विकले गेले. पुढची एकोणीस वर्षे ब्राऊनिंगने कल्पना काढायची आणि विंचेस्टरने विकत घ्यायची, असा व्यवहार चालला. त्यातल्या बऱ्याच कल्पना कंपनीने कधी बनवल्याच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणूनच त्या घेतल्या होत्या. मध्ये १८८७ पासून दोन वर्षे ब्राऊनिंग सगळे सोडून जॉर्जिया प्रांतात आपल्या पंथाचा प्रचार करत हिंडत होता. बंदूक आणि धर्मग्रंथ एकाच हातात कसे मावले, याचा उलगडा मला त्याच्या चरित्रात झाला नाही.

प्रचारावरून परतल्यावर, १८८९ च्या शरद ऋतूत, ऑग्डेनच्या रायफल क्लबची नेमबाजी चालू होती. ब्राऊनिंग आपली पाळी येईपर्यंत उभा होता. एकाने बार काढला आणि बंदुकीच्या तोंडापुढचे उंच गवत एकदम बाजूला लवले. हे त्या मैदानावरच्या सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिले असणार. ब्राऊनिंगनेही पाहिले असणारच. त्या दिवशी मात्र तो थबकला. गोळीच्या मागून तोंडातून बाहेर पडणारा हा जोर फुकट जातोय, हे त्याच्या ध्यानात आले. भावांना घेऊन घोडागाडीतून तो नेमबाजी अर्धवट टाकून घरी निघाला.

इथे जरा थांबून त्या जोराची ओळख करून द्यायला हवी. काडतुसातली दारू पेटली की क्षणार्धात तिचा तापलेला वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. गोळी गेली की वायूचे काम संपले. त्या काळच्या रायफलीत पुढचे काम माणसाने करायचे. हाताने बोल्ट किंवा खालचा दांडा मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडली की पुढे ढकलून नवे काडतूस आत सारायचे. प्रत्येक गोळीला तेच. हिरम मॅक्झिमने काही वर्षे आधी बंदुकीच्या मागे बसणाऱ्या धक्क्यालाच हे काम लावले होते. ब्राऊनिंगने वायूला लावायचे ठरवले.

घरी त्याने पाचेक पौंडांच्या एका लोखंडी ठोकळ्याला गोळी जाईल एवढे भोक पाडले, तो बंदुकीच्या तोंडापुढे ठेवला आणि दूर उभे राहून तार ओढून बार काढला. गोळी भोकातून निघून गेली आणि मागून आलेल्या वायूने ठोकळा खोलीत भिरकावला. मग त्याने एका विंचेस्टर रायफलीच्या तोंडावर वाटीसारखे टोपण बसवले आणि त्यातून मागे एक दांडी नेली. वायू टोपणाला पुढे ढकलायचा आणि दांडी रायफलीचा दांडा हलवायची. १८९० च्या जानेवारीत त्याने पेटंटचा अर्ज केला. मग टोपण गेले आणि नळीलाच, तोंडाच्या अलीकडे, एक बारीक भोक आले. गोळी त्याच्या पुढे सरकली की थोडा वायू तिथून निसटून एका दांड्यावर आदळे. हार्टफर्डला कोल्ट कंपनीत तीन मिनिटांत १,८०० गोळ्या सुटल्या तेव्हा बघणाऱ्या आरमाराच्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही. ही कोल्टची १८९५ ची मशीनगन. तिचा दांडा खाली झोका घेऊन जमीन उकरायचा, म्हणून सैनिकांनी तिला बटाटे खणणारी असे नाव ठेवले.

आता नीट पाहा. या सगळ्या खटाटोपात ब्राऊनिंगने एक गोष्ट कधीही केली नाही. तापलेला, काजळीने भरलेला वायू त्याने बंदुकीच्या पोटात येऊ दिला नाही. वायूने बाहेरच्या बाहेर दांड्याला ढकलायचे आणि दांड्याने आतली कामे करायची. हा दांडा पुढे पिस्टन झाला. माझ्या बोटाला लागली ती काजळी इथली.

विंचेस्टरशी त्याचे फाटले ते १९०२ मध्ये. स्वतःहून काडतूस भरणारी छऱ्यांची बंदूक त्याने केली आणि ठोक रकमेऐवजी दर बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेट तयार होईनात. ब्राऊनिंग रेमिंग्टनच्या दारी गेला. ८ जानेवारीला तो बाहेर थांबलेला असतानाच कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. मग त्याने सरळ बेल्जियमची बोट धरली. लीज शहराजवळच्या एफएन कारखान्यात त्याची पिस्तुले आधीपासून तयार होतच होती. तिथे त्याचा शब्द ऐकणारी माणसे भेटली. फ्रेंच भाषेत तर ब्राऊनिंग हा शब्दच पिस्तूल या अर्थी रूढ झाला. त्यातल्याच एका पिस्तुलातून, १९१० च्या नमुन्याच्या, २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गावरिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या आणि पहिल्या महायुद्धाचे दार उघडले. ऑग्डेनच्या दुकानातून साराजेव्होच्या रस्त्यापर्यंतचा हा रस्ता आपण आखला असे त्याच्या मनात कधी आले का, कोण जाणे.

अमेरिका युद्धात उतरायच्या तोंडावर, फेब्रुवारी १९१७ मध्ये, त्याने वॉशिंग्टनजवळ दोन शस्त्रे चालवून दाखवली. एक जड मशीनगन आणि एक एकट्या माणसाने उचलून न्यायची स्वयंचलित रायफल. गंमत अशी की जड मशीनगनमध्ये त्याने वायू सोडून धक्क्याचाच उपयोग केला होता. तो आपल्याच कल्पनेच्या प्रेमात अडकणारा नव्हता! उचलून न्यायच्या रायफलीत मात्र नळीखाली पिस्टन होता. वजन सात किलोंच्या घरात. सरकारने दोन्हींचे हक्क साडेसात लाख डॉलरना मागितले. बाजारात याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्याने घासाघीस न करता होकार दिला. त्याचा मुलगा व्हॅल सैन्यात होता. बापाने केलेली रायफल फ्रान्सच्या आघाडीवर सैनिकांना शिकवायचे काम त्याच्याकडे आले.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लीजच्या कारखान्यात, व्हॅलच्या खोलीत, ब्राऊनिंगचे हृदय थांबले. त्याच्या नावावर तेव्हा १२८ पेटंटे होती. टेबलावर एक पिस्तूल अर्धवट होते. ते त्याचा तिथला सहकारी द्यूदोने सेव्ह याने १९३५ पर्यंत पुरे केले, आणि तेच पुढे आपल्या इच्छापूरच्या कारखान्यात तयार होऊन भारतीय अधिकाऱ्यांच्या कमरेला लागले.

इथे चरित्र संपायला हवे, पण त्या गवताची गोष्ट संपत नाही. ब्राऊनिंगमागे कारागिरांचे दोन पंथ झाले. पहिला पिस्टनवाल्यांचा. अमेरिकेच्या जॉन गॅरंडने १९३६ मध्ये सैन्याला जी रायफल दिली, तिच्या सुरुवातीच्या प्रतींत वायू तोंडाशीच धरला होता, ब्राऊनिंगच्या पहिल्या टोपणासारखा. लवकरच त्यालाही नळीत भोक पाडून खाली पिस्टन देणे भाग पडले. दुसऱ्या पंथाने विचारले की मधला हा दांडा हवाच कशाला? वायूलाच एका बारीक नळीने थेट मागे बोल्टपाशी आणू. १९४२ च्या स्वीडिश रायफलीत आणि १९४९ च्या फ्रेंच रायफलीत असे झाले. युजीन स्टोनरने १९५० च्या दशकात ते आणखी पुढे नेले. त्याने वायू बोल्टच्या घरात शिरवला आणि तिथेच फुगू दिला. हीच पुढे व्हिएतनामला गेलेली एम-१६.

स्टोनरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दांडा गेला की वजन घटते. नळीच्या वर जड तुकडा मागेपुढे आपटत नाही, सगळा जोर एका रेषेत येतो आणि नेम ढळत नाही. किंमत एकच. ज्या घरात पुंगळी निघायची आणि काडतूस शिरायचे, त्या माजघरातच चुलीचा धूर. उष्णता आणि काजळी दोन्ही तिथे. काळजी घेतली तर हे चालते. पण सैन्याने गोळ्यांतली दारू बदलली. नव्या दारूची काजळी जास्त आणि वेग वेगळा. नळीच्या आत क्रोमचा मुलामा दिला नव्हता, आणि ही रायफल जणू साफ करावीच लागत नाही अशा समजुतीत पोरांना पुरेसे सफाईचे साहित्यही दिले गेले नाही. रायफली अडकल्या. काही मेलेल्या सैनिकांशेजारी त्यांची रायफल उघडलेल्या अवस्थेत सापडली. पुंगळी काढता काढता ते मारले गेले होते. अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी करून सैन्याच्या कारभारावर ठपका ठेवला. मुलामा आला, साहित्य आले, आणि तीच रायफल पुढे दशकानुदशके चालली. तेव्हा सगळा दोष नळीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. मात्र पिस्टनची रायफल असा हलगर्जीपणा थोडा अधिक काळ सोसते, एवढे खरे. याच रायफलीच्या बांध्यात पिस्टन घालून जर्मनीत घडवलेली रायफल फ्रान्सने २०१६ मध्ये निवडली, आणि २०२२ मध्ये खुद्द अमेरिकी सैन्यानेही नव्या रायफलीसाठी पिस्टनच घेतला.

आपल्याकडे स्टोनरची वाट आली नाही. ब्राऊनिंगचे पिस्तूल पुरे करणारा सेव्ह दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हातावर तुरी देऊन इंग्लंडला निसटला, परत आला आणि १९५० च्या दशकात त्याने एफएनसाठी एक रायफल केली. तिच्यात नळीच्या वर आखूड पिस्टन आणि वायू कमीजास्त करायची चकती होती. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या जागी तिच्यावरून घडलेली एसएलआर इच्छापूरला तयार होऊ लागली. नंतर पुण्याच्या पाषाणच्या शस्त्रसंशोधन संस्थेत जुळवलेल्या इन्सासमध्येही पिस्टनच आहे.

मामा १९७१ च्या युद्धाबद्दल कधी फारसे बोलले नाहीत. निवृत्तीनंतर गावी शेती करायचे. एकदा मी त्यांना ब्राऊनिंगची आणि गवताची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, ब्राऊनिंगचे नाव दोनदा उच्चारून पाहिले आणि विचारले, की रात्री थंडी जास्त असली की चकती किती फिरवायची, हेही त्या माणसाने कुठे लिहून ठेवले आहे का? मग फिरवायच्या खुणा ते बोटांनीच हवेत दाखवू लागले.