मराठी मुलांना चंद्रावर नेणारे भा. रा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात वाशीमसारख्या गावातल्या मराठी शाळेच्या विद्यार्थ्याला ज्यूल व्हर्न मुळातून वाचणे जवळजवळ अशक्यच होते. त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. इंग्रजी पुस्तके मोठ्या शहरांत मिळत आणि ती समजण्याइतकी भाषा येईपर्यंत चंद्रावर जाण्याची स्वप्ने पाहण्याचे वय सरलेले असे. ही उणीव भास्कर रामचंद्र भागवत यांनी आपल्या लेखणीने भरून काढली.

३१ मे १९१० रोजी इंदूर येथे जन्मलेल्या भागवतांनी १९५१ मध्ये मुलांसाठी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले. मासिकातून मुलांना साहस आणि विज्ञान यांची गोडी लावण्याची परंपरा जुनीच. खुद्द व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या त्याचे प्रकाशक हेत्झेल यांनी कुमारांच्या नियतकालिकातून क्रमशः छापल्या आणि नंतर त्यांची पुस्तके केली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक घडवणे, हे या प्रकाशनपद्धतीचे मर्म होते.

माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला. व्हर्नने ते स्वप्न १८६५ मध्येच रंगवले होते. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’ अशा पुस्तकांतून हा द्रष्टा लेखक मराठी घरांत आणला. शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा मुलांच्या तोंडची खेळकर, चपळ भाषा त्यांनी पसंत केली. उडत्या तबकडीवर कोटी करणारे ‘उडती छबकडी’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्याची साक्ष देते.

पुढे त्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर भरधाव सुटणारा हा किडकिडीत मुलगा ‘फास्टर फेणे’ या नावाने घराघरांत पोहोचला. ही मालिका विज्ञानकथांची नव्हे, साहसकथांची. परंतु निरीक्षण, तर्क आणि धाडस हे तिचे गुण विज्ञानकथेशी नाते सांगणारेच होते. उत्कर्ष प्रकाशनाने या मालिकेची वीस पुस्तके वाचकांपुढे ठेवली. १९८७ मध्ये सुमीत राघवनने हा नायक दूरदर्शनवर साकारला.

बालसाहित्य म्हणजे मोठ्या लेखनापूर्वीची उमेदवारी, असा समज आपल्याकडे फार काळ रूढ होता. भागवतांनी मात्र आपली उमेदीची वर्षे मुलांसाठीच वेचली. त्यामुळे विज्ञानाची अद्भुतता इंग्रजीतूनच अनुभवायला हवी, ही सक्ती मराठी मुलांवर राहिली नाही.

२७ ऑक्टोबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये फास्टर फेणे मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा दिलीप प्रभावळकरांनी त्या चित्रपटात साकारलेली व्यक्तिरेखा होती खुद्द भा. रा. भागवतांची. नायकाच्या शेजारी त्याच्या जन्मदात्यालाही स्थान मिळाले. मराठी बालसाहित्यिकाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.