गाठींचा हिशेब ठेवणारे डॉक्टर

मैत्रिणींनो, बाळाला न्हाऊमाखू घालताना टाळूवर तेल आपणच घालतो ना? ती टाळू फुगून ताठ वाटली किंवा डोकं भराभर मोठं होऊ लागलं, तर ते पहिल्यांदा आईच्याच हाताला कळतं. कधी कधी यामागे मेंदूतली गाठ असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा मुलांसाठी फारसं काही करता येत नसे. ती वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत हार्वे कुशिंग हे मोठं नाव.

१८६९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला जन्मलेले कुशिंग दहा भावंडांत धाकटे. शिकत असताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ते त्यांच्या मनाला फार लागलं. मग मित्राच्या साथीने त्यांनी भूल देताना नाडी आणि श्वास लिहून ठेवायची पद्धत सुरू केली. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला १९११ मध्ये चांदीच्या बारीक क्लिपा काढल्या.

१९२५ मध्ये पर्सिव्हल बेली यांच्यासोबत त्यांनी मुलांच्या लहान मेंदूतली एक गाठ ओळखून तिला मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिलं. ही गाठ काढली तरी पुन्हा वाढायची, बहुतेक मुलं हातची जायची. पण कुशिंगनी अपयश लपवलं नाही. प्रत्येकाचा फोटो, गाठीचा तुकडा, पुढे काय झालं, सगळं जपलं. ही नोंद सांभाळली लुईस आयझेनहार्ट यांनी. त्या आधी त्यांच्याकडे लिखाणाच्या कामाला होत्या, नंतर शिकून डॉक्टर झाल्या!

माणूस तापट. पाच मुलांचा संसार बराचसा पत्नी कॅथरिननेच ओढला. १९२६ मध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. ती बातमी कळल्यावरही त्या दिवशीचं ऑपरेशन त्यांनी पार पाडलं. १९३९ मध्ये ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी गाठ सापडली.

आज एमआरआयमुळे गाठ नेमकी दिसते. ऑपरेशन, किरणोपचार आणि औषधांनी यातली बरीच मुलं वाचतात. अगदी तान्ह्यांना मात्र किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण त्यांचा मेंदू अजून वाढत असतो.

म्हणून टाळू फुगली, सकाळी उठल्या उठल्या वारंवार उलट्या झाल्या, मूल चालताना झोकांड्या खाऊ लागलं, तर दृष्ट काढत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.