गाव न सोडणारा शास्त्रज्ञ

कपाटातल्या डांबरगोळ्या आणि डब्यातलं वनस्पती तूप, या दोन्हींशी एकाच माणसाच्या कामाचा संबंध आहे, हे सांगितलं तर खरं वाटेल? त्यांचं नाव पॉल साबातिए.

त्यांचा जन्म १८५४ साली दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासॉनचा. शिकले पॅरिसला, पण १८८२ मध्ये तुलूझ शहरात शिकवायला आले ते कायमचेच.

१८९७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी सेंडरेन्स यांनी इथिलीन आणि हायड्रोजन हे वायू निकेलच्या गरम भुकटीवरून सोडले. दोन्ही चटकन एकत्र आले. सोयरीक जुळवून स्वतः बाजूला राहणाऱ्या मध्यस्थासारखं निकेलचं काम!

पुढच्याच वर्षी पत्नी वारली. पदरात चार मुली. साबातिएंनी दुसरं लग्न केलं नाही, आणि कामही थांबवलं नाही. १९०१ मध्ये दोघांनी बेन्झीनची चिवट कडी निकेलवर हायड्रोजनशी जोडून दाखवली. मग दोन कड्या जोडलेलं नॅप्थलिन घेतलं. जुन्या डांबरगोळ्या याच नॅप्थलिनच्या असत. त्यापासून टेट्रालिन हा द्रव झाला. याच वाटेनं जाऊन जर्मनीच्या नॉर्मान यांनी तेल घट्ट करण्याची रीत काढली आणि पुढे वनस्पती तूप घरोघरी पोचलं. त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, हे मात्र खूप उशिरा कळलं.

१९०७ मध्ये पॅरिसहून मानाच्या जागेसाठी बोलावणं आलं. साबातिएंनी नम्रपणे नकार दिला. १९१२ मध्ये ग्रिन्यार यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. बरोबरीनं राबलेले सेंडरेन्स त्यात नव्हते, हे मला आजही खटकतं. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत तेव्हा पॅरिसमध्ये राहणाऱ्यांनाच सभासद होता येई. १९१३ मध्ये बाहेरच्यांसाठी सहा जागा निघाल्या आणि पहिली साबातिएंना मिळाली. १९४१ साली तुलूझमध्येच ते गेले.

आमच्या बचत गटातल्या मुली म्हणतात, ताई, इथं राहून काय होणार? त्यांना मी हेच सांगते. मोठ्या शहरात जायचं तर जरूर जा. पण इथं राहिलो म्हणजे आपलं काम लहान, असं मनात आणू नका. नियम बदलावा लागला तो पॅरिसला, तुलूझला नाही.