मंत्र्यांचा शब्द आणि नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की फर्ग्युसन कॉलेज, भारत सेवक समाज आणि अर्थसंकल्पावरील अभ्यासपूर्ण भाषणे आठवतात. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांसाठी त्यांनी दिलेला लढा मात्र काहीसा मागे पडला आहे. मंत्र्यांनी बंद खोलीत दिलेला शब्द लोकप्रतिनिधींना मान्य नसेल, तर त्याची किंमत काय उरते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात उभा राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोखल्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवून त्यांचे शिक्षण पूर्ण करविले. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले आणि पुण्यात अध्यापन करू लागले. न्यायमूर्ती रानडे यांच्या तालमीत त्यांना पुराव्याशिवाय न बोलण्याची शिस्त लागली. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावर इंग्लंडमध्ये केलेले आरोप सिद्ध करता आले नाहीत, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांची टीकाही सोसली.

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी करारबद्ध मजुरांचा प्रश्न हाती घेतला. नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून भारतातून मजूर नेले जात. कराराची मुदत संपल्यावर त्यांनी तेथे स्वतंत्रपणे राहू नये, यासाठी १८९५ मध्ये वर्षाला ३ पौंडांचा कर बसविण्यात आला. १६ वर्षांवरील मुलगे आणि १३ वर्षांवरील मुलीही त्यातून सुटत नसत. महिन्याला जेमतेम १४ शिलिंग कमावणाऱ्याची वर्षाची मिळकत साडेआठ पौंडांच्या आत राही आणि चौघांच्या कुटुंबावर कर बसे १२ पौंडांचा. मायदेशी परत जा किंवा पुन्हा करार करा, हाच त्याचा अर्थ होता. त्यातच १८९६ च्या कायद्याने नाताळमध्ये भारतीयांसाठी मताधिकाराचे दार बंद झाले होते.

नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवावी, हा गोखल्यांचा ठराव फेब्रुवारी १९१० मध्ये मंजूर झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी बहुमतापुढे टिकला नाही. सभागृहातील मतांचे गणित काय करू शकते, हे गोखल्यांना असे घरीच कळले होते.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाऊनला उतरले. मधुमेहाने प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी गांधीजींसह ठिकठिकाणी सभा घेतल्या. गांधीजींच्या आग्रहावरून अनेक सभांत ते मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. प्रिटोरियात पंतप्रधान बोथा, जनरल स्मट्स आणि अंतर्गत कारभार मंत्री फिशर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. ३ पौंडांचा कर रद्द होईल आणि स्थलांतर कायद्यातील वंशभेद जाईल, असे आश्वासन मिळाल्याची त्यांची खात्री झाली. गांधीजींना मात्र मंत्र्यांबद्दल इतका भरवसा वाटत नव्हता.

१९१३ मध्ये संघराज्याच्या संसदेत नवा स्थलांतर कायदा आला, पण कर कायम राहिला. नाताळमधील गोऱ्यांचा विरोध असल्याने तो रद्द करता येत नाही, असे स्मट्स यांनी सांगितले. असे वचन दिलेच नव्हते, ही सरकारची भूमिका होती. गोखले आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. ज्या आमदारांची मते लागणार होती, ते प्रिटोरियातील खोलीत नव्हते आणि ज्यांच्यावर कर होता, त्यांना संसदेत आवाजच नव्हता.

नोव्हेंबर १९१३ मध्ये दोन हजारांवर स्त्री-पुरुषांनी गांधीजींबरोबर ट्रान्सवालच्या हद्दीत कूच केले. नाताळमध्ये मजुरांचा संप पसरला. इकडे गोखल्यांनी आजारपणातही देशभरातून निधी उभा केला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती दाखविली. सरकारने सॉलोमन आयोग नेमला, पण सदस्य निवडताना भारतीयांना विचारले नाही म्हणून गांधीजींनी त्यावर बहिष्कार घातला. आयोगापुढे साक्ष द्यावी, असे गोखल्यांचे मत होते. बहिष्काराने ते व्यथित झाले, तरी त्यांनी पाठिंबा काढून घेतला नाही.

आयोगानेही कर रद्द करण्याची शिफारस केली आणि १९१४ मध्ये संसदेने तसा कायदा केला. भारतीयांच्या सगळ्या मागण्या त्याने पूर्ण झाल्या नाहीत, पण बंद खोलीत दिलेला जो शब्द संसदेत नाकारला गेला, तोच आता संसदेच्या मताने कायदा झाला. गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. ते अवघे ४८ वर्षांचे होते. त्यांचा १९१२ चा ठराव ज्या पद्धतीविरुद्ध होता, ती मजूरभरती १९१७ मध्ये थांबली आणि १९२० मध्ये उरलेले करारही संपुष्टात आले. ते पाहायला गोखले नव्हते.