कायद्याच्या रक्षकाचा कायद्याच्याच माणसाकडून बळी

अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील नामवंत पोलीस अधिकारी विल्यम ऊर्फ बिल टिल्घमन यांची १ नोव्हेंबर १९२४ रोजी ओक्लाहोमा राज्यातील क्रॉमवेल या लहानशा गावात कर्तव्य बजावताना हत्या झाली. त्यांच्यावर गोळी झाडणारा वायली लिन हा दारूबंदी खात्याचाच अधिकारी होता.

टिल्घमन यांचा जन्म ४ जुलै १८५४ रोजी आयोवा प्रांतात झाला. तारुण्यात त्यांनी रानगव्यांच्या शिकारीवर उपजीविका केली. १८८४ मध्ये ते कॅन्सस राज्यातील डॉज सिटीचे मार्शल झाले. १८८९ मध्ये ओक्लाहोमाची भूमी वसाहतीसाठी खुली झाल्यावर ते तेथे स्थायिक झाले. डेप्युटी मार्शल म्हणून हेक थॉमस आणि ख्रिस मॅडसन यांच्यासह त्यांनी दरोडेखोरांच्या टोळ्यांचा पाठलाग केला. हे त्रिकूट 'तीन रक्षक' या नावाने प्रसिद्धीस आले. जानेवारी १८९६ मध्ये कुख्यात दरोडेखोर बिल डूलिन याला टिल्घमन यांनी आर्कान्सामधील युरेका स्प्रिंग्ज येथे एकट्याने जिवंत पकडले. पुढे ते राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि ओक्लाहोमा सिटीचे पोलीसप्रमुखही झाले. १९१५ मध्ये त्यांनी दरोडेखोरांच्या जीवनावर मूकपट काढला.

सत्तरीत असे विश्रांतीचे जीवन शक्य असताना त्यांनी क्रॉमवेलची जबाबदारी स्वीकारली. तेलाच्या शोधामुळे रातोरात वाढलेल्या या गावात चोरटी दारू, जुगार आणि गुंडगिरी बोकाळली होती. या धंद्यांना लिन याचे संरक्षण असल्याचा टिल्घमन यांना संशय होता.

त्या रात्री रस्त्यावर गोळीचा आवाज ऐकून टिल्घमन उपाहारगृहातून बाहेर आले. मद्यधुंद लिन हातात पिस्तूल घेऊन उभा होता. टिल्घमन यांनी त्याचा हात पकडून ठेवला आणि ते पिस्तूल काढून घेण्यात आले. मात्र लिनने दुसरे पिस्तूल काढून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला.

राज्याच्या विधानभवनात त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. चँडलर येथे त्यांचा दफनविधी झाला. स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्या लिनची न्यायालयात मात्र निर्दोष मुक्तता झाली. १९३२ मध्ये मॅडिल येथे दुसऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याशी झालेल्या चकमकीत लिन मारला गेला. त्या अधिकाऱ्यालाही प्राण गमवावे लागले.

दरोडेखोरांच्या गोळ्यांतून बचावलेल्या टिल्घमन यांचा अंत कायद्याचा बिल्ला लावणाऱ्याच्याच हातून झाला.