नवऱ्याचा शेवटचा शब्द आणि शहरातलं रान : न्यूझीलंडच्या जेन डीन्स यांची गोष्ट

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च हे मोठं शहर. बंगले, रस्ते, दुकानं सगळं आहे. पण त्याच शहरात रिकार्टन भागात एक दाट रान उभं आहे. त्यातली काही झाडं सहाशे वर्षांपर्यंतची. आपल्याकडे देवराई असते ना, दिसायला साधारण तशीच. फरक इतकाच की ती देवाच्या धाकाने टिकते, आणि हे रान टिकलं ते एका विधवा बाईने नवऱ्याला दिलेल्या शब्दामुळे. जेन डीन्स हे त्यांचं नाव. 

जेन यांचा जन्म १८२३ चा, स्कॉटलंडमधल्या एअरशर परगण्यातल्या शेतकरी घरातला. माहेरचं आडनाव मॅकिलरेथ. त्याच भागातले विल्यम आणि जॉन डीन्स हे दोघे भाऊ नशीब काढायला समुद्रापार गेले होते. विल्यम १८४० मध्ये, तर जॉन १८४२ मध्ये न्यूझीलंडला पोचला. तिथे मिळालेली जमीन काही पसंत पडेना, म्हणून दोघे १८४३ मध्ये कँटरबरीच्या मोकळ्या मैदानात उतरले. चहूकडे गवत आणि दलदल, आणि मधेच हे रान. इमारतीला लाकूड, चुलीला सरपण, वाऱ्याला आडोसा, सगळं एका जागी. त्यांनी रानाच्या कडेलाच घर बांधलं, गुरं-मेंढरं पाळली. जागेला गावाकडचं नाव दिलं रिकार्टन, आणि जवळच्या नदीला एव्हन.

आता जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. ती न्गाई ताहू या माओरी लोकांची. ते या रानाला पुतारिंगामोटू म्हणत आणि पाखरं धरायला, खाणं गोळा करायला इथे येत. डीन्स भावांनी १८४६ मध्ये त्यांच्याकडूनच २१ वर्षांच्या खंडाने जमीन घेतली होती. पुढे १८४८ मध्ये सरकारने दक्षिण बेटाचा फार मोठा भाग अवघ्या दोन हजार पौंडांत न्गाई ताहूंकडून लिहून घेतला. त्यांच्यासाठी जमिनी राखून ठेवायचं वचन नीट पाळलं गेलं नाही. तो हिशेब मिटायला १९९८ साल उजाडलं. झाडं वाचली त्याचं कौतुक करताना ही बाजू झाकून चालत नाही.

१८५० मध्ये कँटरबरी असोसिएशनची गलबतं आली आणि क्राइस्टचर्च वसू लागलं. हजारो माणसांना घरं हवी होती आणि मैदानात लाकूड तर फारसं नाही. वाटणीत रानाचा अर्धा भाग असोसिएशनकडे गेला. तो थोड्याच काळात तुटून साफ झाला. उरला तो डीन्स यांचा अर्धा. काहिकातेआ हे इथलं मुख्य झाड, न्यूझीलंडमधलं सगळ्यात उंच. लाकूड सरळसोट आणि त्याला वास नाही. म्हणून पुढे लोणी परदेशी पाठवायच्या खोक्यांसाठी देशभर हे झाड बेसुमार तोडलं गेलं. म्हणजे हे रान म्हणजे उभा पैसाच होता.

१८५१ च्या जुलैमध्ये वेलिंग्टनजवळ मारिया नावाचं जहाज बुडालं आणि त्यात विल्यम गेला. जॉन एकटा उरला. तो स्कॉटलंडला गेला आणि सप्टेंबर १८५२ मध्ये त्याचं जेनशी लग्न झालं. फेब्रुवारी १८५३ मध्ये दोघं लिटलटन बंदरात उतरली, आणि डोंगर ओलांडून जेनबाई रिकार्टनला आल्या. राहायला तेच लहानसं लाकडी घर. ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव जॉन ठेवलं. पण नवऱ्याला क्षयाने गाठलं होतं. २३ जून १८५४ ला तो गेला. संसार पुरता दोन वर्षांचाही झाला नाही. बाई ३१ वर्षांची, पोर दहा महिन्यांचं, आणि माहेर अर्ध्या पृथ्वीपलीकडे.

जाण्याआधी जॉनने बायकोला एक गोष्ट सांगून ठेवली होती : हे रान राखायचं, तोडू द्यायचं नाही.

जेनबाई माघारी स्कॉटलंडला गेल्या असत्या तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्या राहिल्या. मुलगा सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांच्या आणि कारभाऱ्यांच्या मदतीने त्यांनी इस्टेट सांभाळली. १८५६ मध्ये नवीन घर उभं राहिलं, नंतर ते वाढवलं गेलं. घराभोवती त्यांनी परदेशी झाडंही लावली. शेजारी शहर वाढत होतं, जमिनीला भाव येत होता, लाकडालाही. पण रानावर कुऱ्हाड पडू दिली नाही. एक-दोन नव्हे, तब्बल ५६ वर्षं.

मुलाचं लग्न झालं, त्याला १२ मुलं झाली. तो १९०२ मध्ये आईच्या आधीच वारला. सासूबाई, आजी, आणि सगळ्या कँटरबरीच्या जुन्या माणसांतल्या एक मानाच्या बाई म्हणून जेन यांनी पुढची वर्षं काढली. नातवंडांसाठी त्यांनी जुन्या दिवसांच्या आठवणी पत्रांच्या रूपात लिहून ठेवल्या, त्यांचं पुस्तक १९२३ मध्ये निघालं. स्वतः जेनबाई १९११ च्या जानेवारीत गेल्या.

खरी कसोटी त्यानंतरच लागली. राखणारी गेली, वारस अनेक, इस्टेटीच्या वाटण्या आणि विक्री समोर. अशा वेळी काय होतं ते आपल्या गावातही प्रत्येकाने पाहिलंय. पण डीन्स कुटुंबाने १९१४ मध्ये सुमारे सोळा एकरांचं रान कँटरबरीच्या जनतेला बक्षीस म्हणून देऊन टाकलं. अट एकच : इथे देशी झाडंझुडपं कायमची जपायची. त्याच वर्षी त्यासाठी वेगळा कायदा झाला, विश्वस्त नेमले गेले आणि १९१७ पासून लोकांना आत जाता येऊ लागलं.

गंमत म्हणा की दुर्दैव, पण कुऱ्हाडीतून वाचलेलं रान झाडलोटीने बिघडायची वेळ आली. सुरुवातीची अनेक दशकं ते बागेसारखं नीटनेटकं ठेवण्याच्या नादात खालची झुडपं काढली जात. मग नवी रोपं उगवणार कुठून? १९७० च्या दशकात चूक ध्यानात आली आणि रान रानासारखं वाढू द्यायचं ठरलं. २००० मध्ये उंदीर, मांजर आत शिरू नये असं कुंपण सगळ्या बाजूंनी घातलं गेलं. त्या कुंपणाच्या आत कीवी पक्ष्यांची पिल्लंही सांभाळून मोठी केली गेली आहेत.

भावांनी १८४३ मध्ये बांधलेलं लाकडी घर आजही जपून ठेवलंय. कँटरबरीच्या मैदानातली ती सगळ्यात जुनी वास्तू. मोठं घर आणि त्याची जागा १९४७ मध्ये शहराने विकत घेतली. मैदानात असलं जुनं रान आता दुसरं नाही.