पदवीनंतरची सोळा वर्षे

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात अभियांत्रिकीची पदविका घेतलेला तरुण विशी-बाविशीतच कमावता होतो. संशोधनाची वाट धरू पाहणाऱ्याला मात्र घरून एकच प्रश्न विचारला जातो. स्थिरस्थावर व्हायला किती वर्षे लागणार? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात शोधावे, असे एक गृहस्थ कित्येक वर्षे डेक्कन क्वीनने याच पट्ट्यातून मुंबईला जात-येत असत. ते म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी.

बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. १९१८ मध्ये वडिलांसोबत ते अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली आणि ते मायदेशी परतले. डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही. आजच्या काळात असा अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता.

बनारस आणि अलीगढ येथे मिळून चार वर्षे त्यांनी अध्यापन केले. अलीगढला आंद्रे वेल हे फ्रेंच गणिती त्यांचे सहकारी होते. १९३१ मध्ये वेल यांच्याच सूचनेवरून त्यांनी बूरबाकी नावाच्या एका काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देणारा शोधनिबंध थट्टेने प्रसिद्ध केला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने तेच नाव धारण करून ग्रंथमाला लिहिली, हा गमतीचा भाग.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि तेथे सुमारे बारा वर्षे राहिले. १९३४ मध्ये त्यांना पहिले रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. तरीही उपजीविकेचे साधन अध्यापन हेच होते. त्यांच्या आयुष्यातील सर्वाधिक फलदायी काळ नेमका हाच ठरला. संख्याशास्त्र ते स्वतःच शिकले. सरावासाठी प्रश्न हवा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घालून तोलण्यास सुरुवात केली. हाताळणीने नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते. या घटीवरून एखाद्या साठ्यातील नाण्यांचा कालक्रम लावता येईल, असा त्यांचा तर्क होता. तो तपासण्यासाठी त्यांनी चालू चलनातील नाणीही तोलली. नाणी कोणी पाडली, हा प्रश्न त्यांना इतिहासाकडे आणि इतिहास संस्कृतकडे घेऊन गेला. १९४८ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली.

१९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक फलांच्या विस्तारासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी तोच सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला आणि जगाने त्याला त्या दोघांचीच नावे दिली. प्रतिमांचे संक्षेपण आणि कंपनांचे विश्लेषण यांत आज तो वापरला जातो. कोसंबींचे नाव त्याला जोडण्याची पद्धत बरीच उशिरा सुरू झाली. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले. एका ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की तिच्या लगत दुसरी होण्याची शक्यता घटते, ही बाब त्यांनी हिशेबात घेतली. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे संशोधक आजही ते सूत्र वापरतात.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा कोसंबी ३८ वर्षांचे होते. पदवी घेतल्यास १६ वर्षे लोटली होती. संस्था मुंबईत आणि घर पुण्यात भांडारकर संस्थेजवळ, त्यामुळे आगगाडीचा प्रवास सुरू झाला. सवड मिळताच ते पायी भटकंती करीत. कार्ल्याची लेणी, जुन्नर आणि नाणेघाटाचा व्यापारी मार्ग त्यांनी तपासला. पुण्याहून जुन्नरला जाणारा रस्ता आजही भोसरी आणि चाकणवरूनच जातो. या पायपिटीचा उपयोग १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणाऱ्या त्यांच्या ग्रंथाला झाला.

ही नोकरीही अखेरपर्यंत टिकली नाही. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर भर द्यावा, हे त्यांचे मत भाभांच्या धोरणाच्या विरुद्ध होते. शिवाय १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकासंबंधी केलेला दावा गणितज्ञांनी अमान्य केला आणि त्यांच्या लौकिकाला धक्का बसला. इतक्या कठीण प्रश्नावरील निबंध त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी जगन्मान्य संशोधक पुन्हा नोकरीविना झाला.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद पद मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले. ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी निगडित होते, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्यांची गरज उरली नव्हती. या पदावर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले ते २००८ मध्ये.